दाराची कडी आणि दारातला पाहुणा

(रविवारच्या सभेतील भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दांकन. वक्त्या निवृत्त परिचारिका असून न्यू जर्सीत राहतात.)



आपल्यापैकी दोन कुटुंबांच्या घरी नुकत्याच चोऱ्या झाल्या, हे आपण सर्व जाणता. तेव्हापासून मला येणाऱ्या प्रत्येक फोनवर हाच विषय असतो. कोणी विचारतात, कुत्रा पाळावा का? कोणी विचारतात, कॅमेरा लावावा का? आणि थोडा आवाज खाली आणून विचारतात, बंदूक घ्यावी का? म्हणून महिला मंडळाने मला या विषयावर बोलण्यास सांगितले. मी पोलीस नव्हे, वकीलही नव्हे. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, १९७८ साली या देशात आले, आणि ३१ वर्षे रुग्णालयात नोकरी केली. त्यांतली बरीच वर्षे अपघात विभागात गेली. तेव्हा मी बोलेन ते एका नर्सच्या नजरेने पाहिलेले असेल, एवढे ध्यानात ठेवावे.

आरंभ माझ्याच घरापासून करते, कारण त्यात माझी चूक आहे.

आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी योम किप्पूरला दारफाळणीचा सण हे नाव दिले. दारे बंद करून उपवास धरण्याचा तो दिवस. १९८६ सालच्या दारफाळणीला आम्ही सर्व प्रार्थनेला गेलो होतो. सासूबाई तेवढ्या घरी होत्या. वय ७९, गुडघे दुखत, म्हणून त्यांनी घरीच उपवास धरला होता. पुढच्या दाराला आम्ही दोन कुलुपे लावली. मागच्या अंगणाकडचा काचेचा सरकता दरवाजा मात्र नुसता ओढून घेतला होता. दुपारी दोन माणसे त्या दाराने आत शिरली.

सासूबाई वरच्या मजल्यावर होत्या. खालची पावले आमची नव्हेत, हे त्यांना तत्काळ कळले. त्या न्हाणीघरात गेल्या, आतून कडी लावली, आणि मोठमोठ्याने हाका मारू लागल्या, "अब्राहाम, सॅम्युएल, डॅनियल, उठा रे, खाली कोण आलंय बघा!" हे तिघे त्यांचे भाऊ, तिघेही त्या वेळी रेवदंड्याला. परंतु चोरांना ते काय ठाऊक? माझ्या कपाटातला दागिन्यांचा डबा घेऊन ते पसार झाले.

प्रार्थनेच्या मधल्या वेळात मी सासूबाईंना पाहायला घरी आले, तो मागचे दार सताड उघडे. आणि मी काय केले? तशीच धावत आत शिरले. अपघात विभागात काम करणारी बाई मी! जखमी माणसाकडे धावण्याआधी ती जागा सुरक्षित आहे का हे पाहावे, हा आमचा पहिला धडा. तो मी विसरले. चोर अजून घरात असते, तर त्या दिवशी एका जिवाऐवजी दोन जीव धोक्यात आले असते. योग्य मार्ग असा होता की, शेजाऱ्यांकडे जाऊन पोलिसांना फोन करावा आणि आत ७९ वर्षांची म्हातारी एकटी आहे हे प्रथम सांगावे.

पुढे सासूबाईंना मी विचारले, "आई, फोन तर तुमच्या खोलीतच होता. केला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "दारफाळणीच्या दिवशी फोनला हात कसा लावू?" थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि लावला असता तरी आपला पत्ता कुठे येतो मला सांगायला?"

या दोन वाक्यांवर मी अनेक वर्षे विचार केला आहे. आजचे माझे बहुतेक बोलणे त्यांतूनच निघाले आहे.

पहिल्या वाक्याचे उत्तर आपल्या धर्मशास्त्रात आहे. जीव वाचवण्यासाठी शाब्बाथ मोडावा, योम किप्पूरही मोडावा, ही शिकवण आपल्या गुरुजनांनी निःसंदिग्धपणे दिली आहे. पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शाब्बाथच्या सकाळी, अकरा जणांची हत्या झाली. तेथील रब्बी जेफ्री मायर्स शाब्बाथला फोन जवळ बाळगत नसत. सुरक्षेच्या जाणकारांनी समजावल्यावर त्यांनी तो खिशात ठेवण्यास आरंभ केला होता. त्या सकाळी त्याच फोनवरून त्यांनी ९११ ला खबर दिली. आपल्या घरातील ज्येष्ठांना हे आजच सांगून ठेवा. संकट दारात आल्यावर धर्मचर्चेला वेळ नसतो.

दुसरे वाक्य पत्त्याचे. आज आपल्या अनेक घरांत भारतातून आलेले आईवडील दिवसभर एकटे असतात. त्यांच्या फोनजवळ घराचा पत्ता ठळक अक्षरांत लिहून चिकटवा; इंग्रजी उच्चार मराठी अक्षरांत लिहा. ९११ ला प्रथम पत्ता सांगावा, मग काय घडते आहे ते. फोन मध्येच तुटला तरी मदत कोठे पाठवायची हे त्यांना कळलेले असते. इंग्रजी येत नसेल तर "मराठी" किंवा "हिंदी" एवढाच शब्द उच्चारावा. बहुतेक केंद्रांत फोनवर दुभाषी जोडून देण्याची सोय असते. बोलणे धोक्याचे असेल तर आपल्या न्यू जर्सीत ९११ ला लेखी संदेशही पाठवता येतो. आणि जोवर तिकडचा माणूस सांगत नाही तोवर फोन ठेवू नये.

आता चोर आपल्याकडे येतात कशासाठी, हे स्पष्टपणे बोलू. सोन्यासाठी. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने जॉर्जिया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ओहायो, मिशिगन आणि टेक्सास या राज्यांत भारतीय व इतर आशियाई कुटुंबांची घरे हेरून दरोडे घातले. या लोकांच्या घरी सोने आणि रोकड असते, हा त्यांचा हिशेब. टोळीची म्होरकी ह्यूस्टनची एक स्त्री होती. ती कुटुंबांच्या याद्या तयार करून आपल्या माणसांना देत असे. घरात शिरल्यावर ते मुलांदेखत सर्वांना चिकटपट्टीने बांधून ठेवीत. डेट्रॉइटच्या संघीय न्यायालयाने २०१९ साली तिला ३७ वर्षांची शिक्षा ठोठावली. ध्यानात घ्या, या लोकांनी घरे योगायोगाने निवडली नव्हती.

म्हणून सोने घरात ठेवू नका. बँकेत लॉकर घ्या. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र आणि सोनाराची पावती निराळ्या ठिकाणी ठेवा. घराच्या साध्या विम्यात दागिन्यांच्या चोरीची भरपाई बहुधा अगदी थोड्या रकमेपुरती असते. मौल्यवान वस्तूंची नोंद वेगळी करावी लागते. हे आम्हाला दागिने गेल्यावर कळले. लग्नाच्या, मेंदीच्या, मलिद्याच्या कार्यक्रमाची छायाचित्रे जरूर काढा, परंतु "आम्ही सारे आज अमुक गावी आहोत" हे जगाला घरी परतल्यावर सांगा.

आता दाराकडे येऊ. अलिबाग-रेवदंड्याकडच्या आपल्या जुन्या घरांच्या दारांना आतून लाकडाचा अडसर असे. भिंतीतल्या खोबणीतून तो आडवा ओढला की बाहेरच्याला दार हलवणे अवघड. इकडच्या दारांचे दुखणे निराळे आहे. कुलूप चांगले असते, पण चौकटीवरची ती धातूची पट्टी, जिच्यात कुलपाचा बोल्ट जाऊन बसतो, ती पुष्कळ घरांत अर्ध्यापाऊण इंचाच्या स्क्रूंनी बसवलेली असते. जोराची लाथ बसली की कुलूप शाबूत राहते आणि चौकट फुटते. तेथे तीन इंची स्क्रू लावा, म्हणजे ते चौकटीमागच्या भक्कम लाकडात जाऊन बसतील. खर्च थोड्या डॉलरांचा आणि काम अर्ध्या तासाचे. सरकत्या काचेच्या दाराच्या खाचेत मापाने कापलेली काठी आडवी टाका. हाच आपला अडसर. गाडीत गॅरेजचा रिमोट ठेवून गाडी बाहेर उभी करू नका, आणि गॅरेजमधून घरात येणाऱ्या दारालाही कुलूप असू द्या. बागेच्या कुंडीखाली किल्ली ठेवण्याची सवय तर सोडूनच द्या. ती जागा चोराला आपल्याइतकीच ठाऊक असते.

आमच्या विभागात एक ढकलगाडी असे, क्रॅश कार्ट म्हणतात तिला. हृदय बंद पडलेल्या रोग्यासाठी लागणारे सर्व साहित्य तिच्यात असते. प्रत्येक पाळीच्या आरंभी आम्ही ती तपासत असू. ऑक्सिजन भरलेला आहे का, औषधांची मुदत संपली आहे का, शॉक देण्याचे यंत्र चालते का. कित्येक दिवस तिची गरजच पडत नसे. परंतु ती तपासलेली आहे म्हणूनच आम्ही निर्धास्तपणे रोग्यांशी दोन शब्द हसून बोलू शकत होतो. घराच्या तयारीकडे मी त्याच दृष्टीने पाहते. शांत वेळी तपासून ठेवावे, आणि मग आपले आयुष्य जगावे. रात्रभर खिडकीशी उभे राहणे याला तयारी म्हणत नाहीत. त्याने रक्तदाब तेवढा वाढतो.

तर घरातली क्रॅश कार्ट कोणती? एक खोली ठरवा, जिच्या दाराला आतून कडी आहे. तेथे चार्जरसहित फोन, टॉर्च, आजींची औषधे आणि चष्मा ठेवा. रात्री काच फुटल्याचा आवाज आला, तर बाहेर पडण्याचा सुरक्षित मार्ग असेल तर बाहेर पडा. नसेल तर सर्वांनी त्या खोलीत जावे, कडी लावावी, ९११ ला फोन करावा. मुलांना कोण आणील आणि आजींचा हात कोण धरील, हे आधी ठरवा. वर्षातून दोनदा याची तालीम करा. चोर वस्तू नेत असेल तर नेऊ द्या, त्याच्या पाठीमागे धावू नका. पोलीस आल्यावर हात मोकळे आणि दिसतील असे ठेवा, कारण अंधारात चोर कोण आणि घरधनी कोण हे त्यांनाही कळत नाही.

काही तरुण मंडळींना लपणे म्हणजे भेकडपणा वाटतो. त्यांना मुंबईच्या नरिमन हाऊसची आठवण देते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी त्या घरात शिरले. बाळाची दाई सँड्रा सॅम्युएल यांनी खालच्या एका खोलीत स्वतःला कोंडून घेतले. त्या जिवंत राहिल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन वर्षांच्या मोशेचे रडणे ऐकून वर जाऊ शकल्या, आणि त्याला कडेवर घेऊन बाहेर पडल्या. बाळाचे आईवडील वाचले नाहीत. बाळ वाचले, कारण बाईला लपावे केव्हा आणि धावावे केव्हा हे दोन्ही कळले.

प्रसंगी लढावेही लागते. आपल्या शेजारच्याच रॉकलंड परगण्यातील मॉन्सी येथे २८ डिसेंबर २०१९ च्या रात्री, हनुक्काची सातवी ज्योत लावल्यावर, एका रब्बींच्या घरात मोठे पाते घेऊन एक माणूस शिरला. पाच जण जखमी झाले. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ तीन महिन्यांनी वारले. उपस्थितांपैकी एकाने हाताशी आलेले लहान मेज उचलून हल्लेखोरावर फेकले, आणि तो निघाला तेव्हा त्याच्या गाडीचा क्रमांक टिपून घेतला. शेजारच्या सिनेगॉगमध्ये शिरण्याचा हल्लेखोराचा प्रयत्न फसला, कारण आतल्या लोकांनी दार लावून घेतले होते. त्या क्रमांकामुळे तो थोड्याच वेळात हार्लेममध्ये पकडला गेला. मेज, क्रमांक आणि कडी. तिन्ही गोष्टी आपल्या सर्वांच्या घरी आहेत.

आता बंदुकीचा प्रश्न. मी टाळणार नाही. कायदा प्रत्येक राज्यात वेगळा आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत स्वतःच्या घरात असताना पळून जाण्याची सक्ती सहसा नसते, परंतु त्याचा अर्थ वाटेल तेवढे बळ वापरण्याची मुभा आहे असा नाही. वकिलांना विचारल्यावाचून कोणी धाडस करू नये. मिरपुडीचा फवारा घ्यायचा असेल तर त्याचेही नियम आहेत; आणि बंद खोलीत तो उडवला तर आपलेही डोळे जातात, दमेकऱ्याचा तर श्वासच कोंडतो.

शेमोथ, म्हणजे निर्गमाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात याविषयी नियम आहे. घर फोडताना सापडलेल्या चोराला मारले आणि तो मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. परंतु सूर्य उगवलेला असेल तर दोष आहे. आपल्या गुरुजनांनी याचा अर्थ असा लावला की, रात्री घर फोडणारा माणूस घरधन्याशी गाठ पडली तर जीव घेण्यासही तयार आहे असे समजावे. पण तो जिवावर उठलेला नाही हे सूर्याइतके स्पष्ट असेल, तर केवळ मालमत्तेसाठी त्याचा प्राण घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते आणखी एक सांगतात. मारेकऱ्याला जखमी करून थांबवता येत असेल, तर त्याला ठार मारू नये. आत्मरक्षण हे आपले कर्तव्य आहे, परंतु डोळे उघडे ठेवून करण्याचे.

अंधारात आपल्याला कितीसे दिसते? १७ ऑक्टोबर १९९२ रोजी लुइझियानातील बॅटन रूज येथे योशिहिरो हत्तोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी मेजवानीचे घर शोधताना चुकून दुसऱ्याच दाराशी गेला. घरमालकाने बंदूक रोखून थांबण्यास सांगितले. मुलाला ते इंग्रजी उमगले नाही. तो पुढे आला आणि मारला गेला. १३ एप्रिल २०२३ रोजी कॅन्सस सिटीत भावंडांना आणायला गेलेल्या १६ वर्षांच्या मुलाने चुकीच्या घराची घंटा वाजवली. ८४ वर्षांच्या मालकाने दारातून गोळ्या झाडल्या. तो मुलगा नशिबाने वाचला. ही बातमी वाचली तेव्हा मी माझ्या नातवंडांचा विचार केला आणि मग माझ्या स्वतःच्या वयाचा. मी त्या मुलाच्या जागी असू शकत नाही. त्या म्हाताऱ्याच्या जागी असू शकते.

आणि अपघात विभागात मी जे पाहिले, त्याविषयी एवढेच सांगते. गोळी लागून आलेल्यांत चोर मी क्वचितच पाहिला. मुले पाहिली, पत्नी पाहिल्या, आणि स्वतःवरच गोळी झाडून घेतलेले पुरुष पाहिले. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ज्याच्या घरात बंदूक आहे, त्याने ती रिकामी करून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. घरात कोणी खिन्न असेल, कोणाची स्मृती जात असेल, तर ती घराबाहेर हलवावी. माझ्या मुलाने मला बंदूक देऊ केली होती. मी त्याच्याकडून तीन इंची स्क्रू लावून घेतले.

त्याऐवजी हात तयार करा. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस पाच मिनिटांतही दगावू शकतो; रुग्णवाहिका तितक्यात येईलच असे नाही. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, शरीराचा भार टाकून दाबा आणि सोडू नका. रक्त थांबले का हे पाहायला मध्येच कापड उचलू नका. हातापायाची जखम असेल आणि रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून, टूर्निके आवळा आणि वेळ लिहून ठेवा. "स्टॉप द ब्लीड" नावाचा हा वर्ग अनेक रुग्णालये घेतात. हे ज्ञान चोराच्या रात्री उपयोगी पडेल किंवा न पडेल. स्वयंपाकघरातल्या सुरीला आणि रस्त्यावरच्या अपघाताला नक्की पडेल.

शेवटी एक प्रश्न उरतो, जो मला रात्री छळतो. इतक्या कड्या लावल्यावर आपल्या दारी येणाऱ्या पाहुण्याचे काय? एलियाहू हन्नाबी कोणत्या वेषात येतील हे सांगता येत नाही, असे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो.

टेक्सासमधील कॉलीव्हिल गावी १५ जानेवारी २०२२ रोजी, शाब्बाथच्या सकाळी, थंडीत एक अनोळखी माणूस सिनेगॉगच्या दाराशी आला. रब्बी चार्ली सायट्रन-वॉकर यांनी त्याला आत घेऊन चहा करून दिला. पुढे त्याच माणसाने बंदूक काढली आणि चौघांना ओलीस धरले. एकाची सुटका आधी झाली. उरलेले तिघे बाहेर जाण्याच्या दाराकडे हळूहळू सरकत राहिले. सुमारे अकरा तासांनी रब्बींनी त्याच्यावर खुर्ची फेकली आणि तिघेही दाराबाहेर धावले. सुरक्षेचे प्रशिक्षण घेतले होते म्हणून वाचलो, असे रब्बींनी नंतर सांगितले.

मला या कथेत चहा आणि खुर्ची दोन्ही हवी आहेत. कोणी म्हणेल, चहा दिला ही चूक झाली. मला तसे वाटत नाही. दार कोठे आहे हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तोच अनोळख्याला निर्भयपणे चहा देऊ शकतो.

आज घरी गेल्यावर तीन कामे करा. फोनजवळ पत्ता लिहा. मागच्या दाराची काठी जागेवर आहे का पाहा. घरातल्या सर्वांना एकत्र बसवून कोणत्या खोलीत जायचे ते ठरवा, आणि आजींना हेही सांगा की जिवावर बेतले तर दारफाळणीच्या दिवशीही फोन उचलायचा. सासूबाईंना हे वेळेवर सांगणारे कोणी नव्हते. ती जबाबदारी माझी होती.

देव आपल्या सर्वांच्या घरांवर कृपाछत्र ठेवो. शालोम.